काळी चारची लहर

"आवाज कसा पाह्यजे तुमाले?" असं मी गुलाबराव मोठेबाबांना विचारलं, तेव्हा ते एका पेटीच्या भात्याला कातडं चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाकी काही नाही. बेस पाह्यजे."

आणि मी, चिखलीच्या शाळेत शिकलेला, इंग्रजीत पासष्ट मार्क पाडलेला, मोबाईलच्या दुकानात पाच वर्षं बसलेला शहाणा माणूस, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेला हेडफोन मागवून मोकळा झालो.

आमच्या उंद्रीत बेस म्हणजे चांगला. भाजी बेस झाली, सून बेस मिळाली, पाऊस बेस पडला. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण दुकानात बसून बसून माझ्या कानांना एकच बेस ऐकू यायला लागला होता, तो ढम्‌वाला. पोट्टे येतात, "दादा, बेस कसा आहे?" विचारतात, आणि काउंटरची काच थरथरली की खुश होऊन जातात.

हेडफोन आला. मोठेबाबांनी हात धुतले, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि तो काळा ऐवज डोक्यावर चढवला. मोठी आई, म्हणजे केसरबाई, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "घरात हेल्मेट काऊन घातलं?" मोठेबाबांना ऐकू गेलं नाही. मी गाणं लावलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. मिनिटभराने त्यांनी ते काढून मांडीवर ठेवलं.

"नाग्या, याच्यात कोण ज्वारी कांडून राह्यलं बे?"

"मोठेबाबा, बेस आहे तो."

"हा बेस नाही."

"कंपनीनं लिहिलंय ना. एक्स्ट्रा बेस."

"मंग कंपनीले विचार, कोणाले बेस वाटला हा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढचे पंधरा दिवस उंद्रीत मला कोणी नागसेन म्हटलं नाही. "या, एक्स्ट्रा बेस," असंच म्हणत. हेडफोन मी परत पाठवला. नाव काही परत गेलं नाही.

आता हा ढम्‌ढम् त्यांना का चालला नाही, ते समजायला मोठेबाबा काय करतात ते सांगायला पाहिजे. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय सत्तर, आणि हार्मोनियम सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. चिखली, मेहकर, लोणार, पार मलकापुरापर्यंतच्या पेट्या त्यांच्या ओसरीवर येतात. भजनी मंडळांच्या, विहारांतल्या, शाळांच्या. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना हे लोक सूर म्हणतात. एका पट्टीखाली दोन सूर, एक जाड आवाजाचा, एक बारीक. दोघं नीट जुळले तर एकच आवाज येतो. त्यांच्यात केसाएवढा फरक पडला तर आवाज हेलकावे खातो, वांव-वांव-वांव. त्याला मोठेबाबा लहर म्हणतात. लहर ऐकायची, सुराचं टोक कानशीने जरासं घासायचं, परत ऐकायचं. पन्नास वर्षं हेच चाललंय. मुलगी महामाया नाशिकला नर्स आहे, ती म्हणते, "बाबांचे कान म्हणजे त्यांचं दुकान आहे." खरंय. दुसरं दुकान नाहीच. एक कानशी, एक जुनं ब्लेड आणि दोन कान.

धंद्यात त्यांची एकच तक्रार लोक करतात. पेटी तीन दिवस घरी ठेवून घेतात. सूर घासला की तो रात्रभरात जरासा सरकतो म्हणे, म्हणून ‘बसू द्यायचा’, दुसऱ्या दिवशी परत पाहायचा, तिसऱ्या दिवशी शेवटचा हात. चिखलीतला दुसरा एक जण मोबाईलवरचं मशीन लावून दोन तासांत पेटी हातात देतो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मोठेबाबा म्हणतात, "अंड्यावरून कोंबडी उठवता काय?" मला हा आळस वाटायचा. तीन दिवस ओसरीवर पेटी असली की तीन दिवस येणारे-जाणारे चहा पीत बसतात, हेही एक कारण असावं असा माझा हिशेब होता.

आता बीबीची गोष्ट. ही उंद्रीत सगळ्यांना पाठ आहे, फक्त कोणाच्या घरी ऐकता त्यावर शेवट बदलतो.

तेहतीस वर्षांपूर्वी आमच्या गावची गायन पार्टी होती. गायक अर्जुनराव, पेटीवर गुलाबराव. दोघं एका वर्गातले, एका सायकलवर डबलसीट फिरलेले. वैशाख पौर्णिमेला लोणार तालुक्यातल्या बीबीला दोन पार्ट्यांचा सामना ठरला. मंडप भरलेला. अर्जुनरावांनी अंतरा उचलला, पंचमावर आवाज लावला, आणि मधेच थांबले. माईक समोरच होता. त्या माईकात, हजारभर लोकांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "पेटी बेसूर आहे."

मंडप हसला. सामना गेला. मोठेबाबा पेटी तिथेच सोडून वेगळ्या एसटीने घरी आले. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोन गल्ल्यांचं अंतर, एकच विहार, एकच बाजार, एकच चक्की, आणि तेहतीस वर्षं अबोला. पेटीवाल्याच्या पेटीला बेसूर म्हणणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मोठेबाबांचं म्हणणं एकच, "पेटी सुरात होती. आवाज त्याचा घसरला." अर्जुनरावांचं म्हणणंही एकच, "माहा आवाज जाग्यावर होता. पेटी हालत होती." कार्यक्रम ऐकलेले अर्धे लोक वारले, उरलेल्या अर्ध्यांना आठवत नाही. पण कोण खरं, हे कोणालाच माहीत नसतानाही बाजू मात्र सगळ्यांनी घेऊन ठेवल्या आहेत.

आणि यंदा उन्हाळ्यात माझ्या दुकानात बीबीचा एक माणूस पिशवीभर कॅसेटी घेऊन आला. त्याच्या वडिलांची मंडप-माईकची सर्व्हिस होती. ‘पेनड्राइव्हवर उतरवून दे’ म्हणाला. एका कॅसेटीवर निळ्या पेनाने लिहिलं होतं : ‘उंद्री पार्टी, पौर्णिमा’. मी ती दोनदा उतरवली. एक त्याला, एक मला.

मोठेबाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली कानशी थांबली. मी मोबाईलवर लावून दाखवलं. त्यांनी मोबाईल कानाला चिकटवला, मग लांब धरला, मग उलटा केला. "याच्यात मंडपाचा गोंगाट आन् डब्यातला आवाज. माणूस ओळखू नाही येत, तं सूर काय ओळखू येणार?" मग मोबाईल परत देत म्हणाले, "नीट ऐकायचं असलं तं काय घ्यावं लागते?"

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं. महामायाताईने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, किंमत विचारू नको, सगळ्यात चांगलं घे. त्यावर मी काय घेतलं, ते वर आलंच आहे.

एक्स्ट्रा बेस परत गेल्यावर घरात दोन पक्ष पडले.

महामायाताईचा हेडफोनचा पक्ष. फोनच्या स्पीकरवरून ती समजावत होती, "बाबा, हेडफोनात अगदी बारीक आवाजही येतो. बाहेरचा गोंगाट नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही. तुम्ही आणि तुमचं गाणं."

मोठी आईचा पक्ष स्पीकरचा. "तुम्ही आन् तुमचं गाणं. अन् मी?" ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाले या घरात येऊन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे एक पट्टी दाबून बसतात. सा, सा, सा. मंग कानशी. मंग परत सा. पेटी सुरात आली की गाणं म्हणायले लोक घेऊन जातात. मी आख्खं गाणं कधी ऐकलं? आता घरात गाणं येणार, तं तेही यायच्या कानातच जाणार काय?"

मी आठवडाभर यूट्यूब पालथं घातलं होतं. हा मुद्दा तिथल्या एकाही जाणकाराने काढला नव्हता.

"तू काय म्हणतं?" मोठेबाबांनी मला विचारलं.

मी काय म्हणणार? मागच्या वेळी म्हटलं ते गावभर झालं होतं. "आपण जाऊन ऐकूनच घेऊ," म्हणालो.

तर ऑगस्टातल्या एका गुरुवारी आम्ही चिखलीहून एसटीने संभाजीनगरला गेलो. मोठेबाबांनी पांढरा सदरा, इस्त्रीचा. पिशवीत मोठी आईने बांधून दिलेली भाकर आणि ठेचा, वरच्या खिशात पेनड्राइव्ह, तोही रुमालात गुंडाळून. दुकान मोठं होतं. आत ऐकायची वेगळी खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, जाड पडदे. तिथला मुलगा फार नम्र होता. "काका, आपण काय ऐकणार?"

"पयले ते एसी बंद करा," मोठेबाबा म्हणाले. "पांढरी पाचात गुणगुणून राह्यलं ते. जरासं चढं."

मुलगा हसला. त्याला गंमत वाटली. मी खिशातून मोबाईल काढला आणि मोठेबाबा ज्याला शिव्या देतात तेच सूर मोजायचं मशीन लावलं. पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. जरासं चढं. मी पडदा त्या मुलासमोर धरला. खोटं कशाला बोलू, माझी छाती जरा फुगली. मुलाने एसी बंद केला, आणि त्यानंतर तो ‘काका’ऐवजी ‘सर’ म्हणायला लागला.

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, एवढ्याच पैशात हेडफोन जितकं बारीक दाखवेल तितकं स्पीकर नाही दाखवणार. स्पीकरचं अर्धं काम खोली करते. आपली खोली कशी आहे?"

"टिनाची," मी म्हणालो.

मुलाने सरळ हेडफोनच आणला. मोठा, हलका, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. मोठेबाबांनी तो घातला, मी पेनड्राइव्ह दिला, आणि बीबीचा मंडप सुरू झाला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. जाळीतून नुसतं मुंगीएवढं गाणं बाहेर येत होतं. मोठेबाबांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर होता, बोटं पट्ट्यांवर असल्यासारखी हलत होती. मग एका जागी बोटं थांबली.

"परत," ते म्हणाले.

मी मागे घेतलं. परत तीच जागा. परत बोटं थांबली.

"परत."

चौथ्या वेळी त्यांनी हेडफोन काढला आणि जाळीवरून एकदा अंगठा फिरवला. मी विचारलं, "काय म्हणते टेप?" ते म्हणाले, "स्वच्छ बोलते." आणि त्या मुलाकडे वळून, "हे लय बेस आहे बाप्पा. पण हे नको. खोके दाखव."

पुढचे दोन तास आम्ही स्पीकर ऐकले. ऐकले म्हणजे काय, तीच टेप, तीच जागा, दर वेळी. पहिल्या जोडीवर मुलगा म्हणाला, "किती गोड वाटतं नाही?" मोठेबाबा म्हणाले, "गोड आहे. नको." दुसऱ्या जोडीवर मंडपातल्या टाळ्या खणखणीत आल्या. "नको." तिसरी जोडी दिसायला साधी, राखाडी कापडाची, वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटात. ती लावल्यावर त्यांनी मान तिरकी केली, बोट वर केलं, आणि म्हणाले, "हाव. याच्यात येते."

काय येते, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, गाण्याचा जीव-बीव काहीतरी असेल. माणूस सत्तर वर्षांचा झाला की असं बोलतो. ते कशाच्या शोधात खोके पारखत होते, हे मला कळायचं होतं.

पण एसटीत बसल्यावर मी माझं गणित मांडलं. टेप स्वच्छ बोलली. हेडफोन, जो एकट्याला ऐकू येतो, तो नको म्हणाले. सगळ्यांना ऐकू येईल असे स्पीकर घेतले. म्हणजे निकाल आपल्या बाजूने! तेहतीस वर्षांनी पेटी जिंकली! जालना यायच्या आत मी चार जणांना फोन लावले.

घरी स्पीकर लावणं हा दोन दिवसांचा कार्यक्रम झाला. टिनाची खोली प्रत्येक जाड सुराला साथ द्यायला लागली. मोठेबाबांनी भिंतीवर गोधड्या टांगल्या, छताच्या एका पत्र्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकला, आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले. मग मोठी आईला मधोमध खुर्चीवर बसवून त्यांनी एक गाणं लावलं. बीबीचं नाही, दुसरंच, तिच्या माहेरी वाजायचं ते. ती शेवटपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "हे गाणं इतकं मोठं होतं काय? मले वाटे पयल्या दोन ओळीच आहेत."

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मोठेबाबा मला म्हणाले, "अर्जुनाले बोलाव. चार वाजता. सांगजो, बीबीची टेप सापडली."

मी गेलो. अर्जुनराव अंगणात बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. माणूस अजूनही खांबासारखा उंच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायले बोलावते? माफी पाह्यजे त्याले माह्याकडून? सांग त्याले, मी खोटं नव्हतो बोललो."

"टेप आहे आबा. त्याच्यात जे असंन ते असंन."

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात पुसला. मग आत जाऊन सदरा घालून आले. "चाल. एकदाचं होऊनच जाऊ दे."

आम्ही पोचलो तेव्हा मोठेबाबांच्या ओसरीवर आणि अंगणात पंधरा-वीस माणसं होती. मी चौघांना फोन केले होते, त्या चौघांनी त्यांचं काम केलं होतं. मोठेबाबांनी अंगणाकडे पाहिलं.

"इतके लोक कोणं बोलावले?"

"मी," मी म्हणालो. जरा ऐटीतच.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. मग ते म्हणाले, "बरं केलं. बसू दे सगळ्यायले. हजार लोकायसमोर झालं होतं, वीस तं पाह्यजेच."

अर्जुनरावांना मधली खुर्ची दिली. तेहतीस वर्षांनी दोघं हाताच्या अंतरावर होते आणि दोघंही स्पीकरकडे पाहत होते. मी टेप लावली. मंडपाचा गलका, ढोलकी, आणि मग तरुण अर्जुनराव. अंगणातला प्रत्येक माणूस सरळ बसला. काय आवाज होता! म्हातारे अर्जुनराव स्वतःच्याच आवाजाकडे असे बघत होते, जसा कोणी लग्नातल्या फोटोकडे बघतो. अंतरा आला. पंचम लागला. मोठेबाबांनी हात वर केला.

"थांबव. मागं घे. आता ऐका सगळे."

परत पंचम.

"ऐकलं? वांव-वांव-वांव. काळी चार. दोन सूर भांडून राह्यले." त्यांनी हात खाली घेतला. "अर्जुना, तुहा आवाज जाग्यावर होता. पेटी माही बेसूर होती. आदल्या दिवशी नवा सूर घातला, घासला, घाई होती म्हणून बसू नाही देल्ला. रात्रीतून तो सरकला. मी तेहतीस वर्षं खोटं बोललो. मुद्दाम नाही. पण बोललो."

अंगणात पिन पडली असती तर मोठेबाबांनी तिची पट्टी सांगितली असती. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. विजयाची सभा म्हणून बोलावलेले वीस लोक, आणि हे! तेव्हा मला त्या दुकानातले दोन तास समजले. गोड आहे, नको. खणखणीत आहे, नको. ज्यात स्वतःची चूक सगळ्यात साफ ऐकू येते तो स्पीकर हा माणूस शोधत होता. आणि पेटी तीन-तीन दिवस बसू देण्याचा तो आळसही समजला. तोंडाने नाही म्हणत होते, पण हात तेहतीस वर्षं त्या एका सुराची भरपाई करत होते.

अर्जुनराव मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"परत लाव रे," ते मला म्हणाले. मी लावलं. ते म्हणाले, "कुठी आहे लहर? मले तं बरोबर वाटून राह्यलं."

"बरोबर कसं? ऐक ना नीट," मोठेबाबा म्हणाले.

"ऐकून राह्यलो. पेटी सुरात आहे."

"बेसूर आहे!"

"नाही बे! चांगली तं आहे!"

"अर्जुना, पन्नास वर्षं सुराचं काम केलं मी. मी सांगतो ना बेसूर आहे!"

"अन् मी गायलो ना तिथी! मले नाही समजत?"

अंगण आधी गोंधळलं, मग एकेक करून हसायला लागलं. तेहतीस वर्षांचं भांडण तसंच चालू, फक्त दोघांनी बाजू बदलल्या. खरी गोष्ट अशी की अर्जुनरावांच्या कानांनी आता साथ सोडली आहे. ट्रॅक्टरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाला बारीक लहर कुठून येणार? शेवटी मोठेबाबा उठले, त्यांनी अर्जुनरावांचा दंड धरला, त्यांना स्पीकरपाशी नेलं आणि त्यांचा डावा कान राखाडी कापडाला टेकवला. "लाव रे नाग्या."

तो खांबासारखा माणूस कमरेत वाकून, स्पीकरला कान लावून उभा. मोठेबाबा त्यांच्या पाठीवर बोटाने लहरीचा ठेका देत होते. वांव. वांव. वांव. हळूहळू अर्जुनरावांचा चेहरा बदलला.

"हाव," ते म्हणाले. "हे पाय. आली. हालून राह्यली." मग सरळ उभे राहिले आणि मोठेबाबांकडे पाहून म्हणाले, "इतकीशी? इतक्याशा लहरीसाठी मी माईकात बोंबललो?"

"इतकीशी नाही. बेसूर म्हणजे बेसूर."

"कानात सांगितलं असतं तं चाललं असतं बे."

"हाव," मोठेबाबा म्हणाले. "ते चाललं असतं."

मोठी आईने चहा आणला. तिने कप ठेवता ठेवता सांगून टाकलं, "मले माहीत होतं. आदल्या दिवशी मी म्हटलंही होतं, सूर बसू द्या म्हणून."

"तेहतीस वर्षं बोलली नाही तू?" मोठेबाबा थक्क.

"विचारलं कोणं?"

लोक गेल्यावर मी गोधड्या सारख्या करत होतो. मला राहवलं नाही. "मोठेबाबा, तुमी तिथंच हेडफोन घेतला असता तं कोणालेच समजलं नसतं."

"म्हणूनच नाही घेतला," ते म्हणाले, आणि कानशी शोधायला लागले.

आता मला गावात कोणी एक्स्ट्रा बेस म्हटलं तर मी म्हणतो, म्हणा. गुलाबरावांचा पुतण्या म्हटलं की मात्र थांबून ऐकतो. चिखलीच्या त्या दोन तासांत पेटी देणाऱ्याकडेही मी आता अभिमानानेच पाहतो. अभिमान मोठेबाबांचा, दया त्याची.

त्या रविवारी अर्जुनराव निघाले तेव्हा मोठेबाबा त्यांना म्हणाले होते, "तुले एक सूर देणं लागतो मी. पार्टीची पेटी तुह्याच घरी आहे ना? घेऊन ये." बीबीच्या मंडपात सोडलेली ती पेटी तेव्हा अर्जुनरावच घेऊन आले होते; तेहतीस वर्षं ती त्यांच्याकडेच पडून आहे, कोणी उघडलेली नाही. मोठेबाबांनी दुसऱ्याच दिवशी काळी चारचा सूर कापला, घासला, बसू दिला. माप त्यांना पाठ. आता तो कागदात गुंडाळून त्यांच्या हत्यारांच्या डब्यात आहे. दर आठ दिवसांनी ते काढतात, फुंकून ऐकतात, परत ठेवतात.

पेटी काही आली नाही. अर्जुनराव बाजारात भेटले की मोठेबाबा आवाज देतात, "अर्जुना, पेटी?"

"आणतो बे. मागच्या खोलीत आहे. समोर सोयाबीनची पोती लावली ना, तीस. पोती निघाल्याशिवाय हात नाही पोचत."

"मंग काढ ना पोती."

"भाव येऊ दे."

दिवाळी झाली, तूर निघाली. मी दुकान उघडायच्या आधी मोबाईलवर रोज बाजारभाव बघतो. भाव काही येऊन नाही राह्यला.